खुंटीवरचा पट्टा

कडकताईच्या घरी दारामागे एक खुंटी होती आणि त्या खुंटीवर तिचा कमरेचा पट्टा टांगलेला असे. रुंद, करड्या रंगाचा, मागच्या बाजूला पोलादी पाती शिवलेला, घामाने कडा पिवळट झालेला. त्या घरात कडकताईच्या शब्दाला नव्हती तेवढी किंमत त्या पट्ट्याला होती. पट्टा कमरेला असला की ती आजारी, पट्टा खुंटीवर असला की ती ठणठणीत. एवढी सोय असल्यावर प्रत्यक्ष तिच्याकडे बघायची गरज कुणाला पडणार? घरचे खुंटीकडे बघत आणि काय ते ठरवत.

कडकताई हे काही तिचं पाळण्यातलं नाव नव्हे. ते तिला शिवणकारखान्यात मिळालं होतं. तिथे कोट, विजारी आणि शाळांचे गणवेश शिवले जात आणि शिवून झालेल्या प्रत्येक कपड्यावर शेवटचा हात तिचा फिरे. वाफेची इस्त्री, लांबलचक टेबल, पायाखाली वाफ सोडायचं पायडल. कोटाची कॉलर वळवताना आतून ओलं फडकं कसं धरायचं, खांद्याच्या गोलाईवर इस्त्री न टेकवता नुसती वाफ कशी द्यायची, काळ्या कापडाला चकाकी कशी येऊ द्यायची नाही, हे सगळं तिच्या हातात होतं. कारखान्याचे मालक, ज्यांना सगळे मास्तर म्हणत, ते नव्या मुलींना सांगत, "शिवणीत चुकलात तर मी एक वेळ माफ करीन, पण कडकताईच्या टेबलावरून कपडा परत आला तर माझ्यासमोर उभं राहू नका." ती हे ऐकून न ऐकल्यासारखं करी आणि मनातून सुखावे. घरी तिला नवरा 'अगं' म्हणे, नणंद 'वहिनी' म्हणे आणि सासूबाई नुसतं खाकरत. कारखान्यात तिला नाव होतं.

कंबर कधी धरली ते तिलाही नीट सांगता येत नसे. एकदा कोटांचा गठ्ठा उचलताना उसण भरली, एवढं आठवतं. उसण गेली, पण दुखणं काही गेलं नाही. ते कमरेत मुक्काम ठोकून बसलं, मग मांडीत उतरलं, मग पाठीत चढलं. सुरुवातीला तिने सांगितलं तेव्हा घरात प्रत्येकाला आपापली कंबर आठवली. नवरा म्हणाला, "माझी नाही दुखत? गोदामात दिवसभर उभा असतो मी." नणंद म्हणाली, "मला तर बाई गुडघ्यांनी जीव नकोसा केलाय." दुखण्यांची ही पंगत बसली की कडकताईचं दुखणं शेवटच्या पानावर जाई आणि ते वाढायच्या आत पंगत उठे.

मग डॉक्टर झाले. एकाने फोटो काढला आणि तो उजेडात धरून म्हणाला, "मणके झिजलेत." हे दोन शब्द तिच्या डोक्यात जाऊन बसले ते बसलेच. न्हाणीघरातला साबण रोज थोडा थोडा झिजतो तशी आपली पाठ रोज झिजतेय, असं तिला दिसू लागलं. दुसऱ्याने सुया दिल्या. तिसऱ्याने झिणझिण्या आणणारं यंत्र लावलं. चौथ्याने सांगितलं, वाकायचं नाही, उचलायचं नाही, आणि हा पट्टा दिला. तिने ते इतकं मनावर घेतलं की खाली पडलेला चमचासुद्धा ती वाकून उचलेना. खुर्ची ओढायची, बसायचं, हात लांब करायचा. अशी सात-आठ वर्षं गेली आणि एवढी काळजी घेऊनही दुखणं मात्र वाढतच गेलं.

पण पट्ट्याने एक काम केलं. घरच्यांना पटलं. पोलादी पात्यांचा पट्टा बांधून फिरणाऱ्या बाईला खोटं कोण म्हणणार? सासूबाई न्हाणीघरात पडल्या, मांडीचं हाड मोडलं आणि त्या कायमच्या अंथरुणाला खिळल्या. तेव्हा नवऱ्याने आपण होऊन सकाळी आया ठेवली. नणंद दोन गल्ल्या पलीकडे राहत होती, ती संध्याकाळी येऊ लागली. सासूबाई अंगाने चांगल्या भरलेल्या, त्यांना कुशीवर वळवायचं म्हणजे दोघींचं काम. "वहिनीच्या कमरेला पट्टा आहे, मलाच यायला हवं," असं नणंद येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगे. त्यात कौतुक स्वतःचंच असे, पण ती येई हे खरं.

एवढं सगळं होऊनही कारखाना सुटलाच. टेबलापाशी उभं राहवेना. तिने रजा मागितली तेव्हा मास्तरांनी तिच्या इस्त्रीवर कापड टाकलं आणि म्हणाले, "गणवेशांचा हंगाम सुरू होईपर्यंत हे टेबल तुमचं. त्यानंतर माझा नाइलाज आहे, कडकताई." ती घरी आली आणि त्या दिवसापासून तिच्या डोक्यात एकच गोष्ट राहिली. हंगामाच्या आत टेबलावर परत जायचं.

सरकारी दवाखान्याच्या तळघरात फिजिओथेरपीचा विभाग होता, तिथे कुणीतरी तिला पाठवलं. लांब खोली, भिंतभर आरसा, खिळ्याला लटकवलेले रंगीत रबरी पट्टे आणि एका कोपऱ्यात लाकडी जिना, चार पायऱ्या वर आणि चार खाली, कुठेही न जाणारा. तिथल्या मॅडम पस्तिशीच्या असतील. बारीक कापलेले केस, पायात कॅनव्हासचे बूट, बोलताना समोरच्या माणसाच्या गुडघ्यांकडे बघायची सवय. त्यांनी आधीचे सगळे फोटो पाहिले, बाजूला ठेवले आणि विचारलं, "बरं वाटायला लागलं की काय करायचंय तुम्हाला?"

इतक्या वर्षांत 'कुठे दुखतं' हे सगळ्यांनी विचारलं होतं, हे कुणीच विचारलं नव्हतं. कडकताई गोंधळली. मग म्हणाली, "टेबलावर उभं राहायचंय. माझ्या."

मॅडमनी तिला चालायला लावलं, वाकायला लावलं, खुर्चीतून हात न टेकता उठायला लावलं. मग समोर बसून म्हणाल्या, "एक गोष्ट आधी सांगते. तुमचं दुखणं खरं आहे. तुम्ही उगाच म्हणता असं मला अजिबात वाटत नाही."

तेवढ्यावरच कडकताईच्या डोळ्यांना पाणी आलं. मॅडमनी तिला रडू दिलं आणि मग पुढचं सांगितलं. "पण दुखतंय म्हणजे दर वेळी आत काहीतरी तुटतंय असं नसतं. ही जी झीज म्हणतात, तिचा फोटो तुमच्या वयाच्या कुठल्याही बाईचा असाच येईल, कंबर न दुखणाऱ्या बाईचासुद्धा. तुमची जखम कधीच भरली. पण दाराची घंटी कशी अडकते, दारात कुणी नसलं तरी वाजतच राहते, तसं झालंय. तुम्ही हालचाल बंद केलीत, त्यामुळे अंगातली ताकद गेली आणि घंटी आणखी हळवी झाली. आता आपण हळूहळू अंगाला सवय लावायची. दुखेल थोडं. मधेच एखादा दिवस जास्तही दुखेल. घाबरायचं नाही आणि अंथरूणही धरायचं नाही."

"आणि पट्टा?"

"तो सोडायचा. एकदम नाही. रोज थोडा थोडा वेळ."

कडकताईने घर आवरावं तशा निष्ठेने ते काम हाती घेतलं. गल्लीच्या टोकापर्यंत चालणं, मग टोकाच्या पुढे. कंबर न वाकवता कुल्ल्यांतून वाकणं. खुर्चीतून उठबस. पिशवीत आधी एक जुनं पुस्तक, मग दोन, मग पाण्याची बाटली, आणि ती पिशवी जमिनीवरून उचलून ओट्यावर. मॅडमनी एक गोष्ट बजावून सांगितली होती: बरं वाटलं म्हणून एका दिवसात सगळं घर धुवायला काढायचं नाही आणि वाईट वाटलं म्हणून सगळं सोडायचं नाही, दोन्ही दिवशी ठरलंय तेवढंच. हे पाळणं सर्वांत कठीण होतं. तिची जात कष्टाळू, बरं वाटलं की हात शिवशिवत. तरी तिने स्वतःला आवर घातला. काही आठवड्यांनी एकदा तिच्या हातून चमचा पडला आणि ती वाकून उचलूनही मोकळी झाली. खुर्ची ओढायची राहिली हे नंतर लक्षात आलं. चमचा हातात धरून ती ओट्यापाशी खुदकन हसली.

पट्टा आता बराच वेळ खुंटीवर राहू लागला. आणि घराने ते बरोबर हेरलं.

सगळ्यात आधी नणंदेने अंग काढून घेतलं. "वहिनी आता छान हिंडते-फिरते की," असं म्हणून तिने एक संध्याकाळ चुकवली, मग एकाआड एक, मग तिला गुडघे आठवले आणि ती यायची थांबली. कडकताईने सासूबाईंना एकटीने वळवून पाहिलं. रात्री कमरेतून कळ गेली ती थेट टाचेपर्यंत. सकाळी तिने नवऱ्याला सांगितलं. त्याने आधी खुंटीकडे पाहिलं. "पट्टा तर टांगलेलाच आहे. दुखत असतं तर बांधला नसतास?"

"मॅडम म्हणाल्यात बांधायचा नाही."

"म्हणजे गरज नाही असंच ना?"

तिने तळघरात जाऊन हे सांगितलं. मॅडमनी मनापासून विचार केला आणि मनापासून चूक केली. समजावून सांगितलं की माणसाला समजतं, अशी त्यांची श्रद्धा होती. त्यांच्या धंद्यात ती श्रद्धा लागतेच, नाहीतर रोज तेच तेच कोण बोलेल? त्या म्हणाल्या, "घरच्यांना घेऊन या. मी बोलते. घर पाठीशी असलं की अर्धं काम होतं."

नवरा आला. इस्त्रीचा शर्ट घालून, हात जोडून, अगदी सज्जनासारखा बसला. मॅडमनी त्याला सगळं सांगितलं. फोटो दाखवला, घंटी सांगितली, हळूहळू वजन वाढवायचं सांगितलं, थकवू नका हे दोनदा सांगितलं. तो प्रत्येक वाक्याला मान डोलवत होता. वाक्यं त्याने सगळी ऐकली, यात शंकाच नाही. त्यातली आपल्या कामाची तेवढी वेचून तो घरी घेऊन आला.

घरी आल्यावर नणंदेला फोन लावून तो म्हणाला, "अगं, आत काहीच तुटलेलं नाही म्हणे. डॉक्टरीणबाईंनी स्वतः सांगितलं. फोटो बघितला मी. घंटीसारखं असतं म्हणे, उगाच वाजते. आणि उचलायला तर पाहिजेच म्हणाल्या, वजन वाढवत न्यायचं."

कडकताई दारात उभी होती. "त्या पिशवीचं म्हणाल्या. हळूहळू म्हणाल्या."

"आईचं वजन म्हणजे वजनच ना? तुझा व्यायामही होईल आणि कामही होईल."

असं तो म्हणाला, आणि वर स्वतःच्या हुशारीवर हसला. सात-आठ वर्षं त्याने तिला खोटी म्हटलं नव्हतं, कारण पट्टा होता. आता ती पहिल्यांदा खरोखर बरी होत होती, तेव्हा ती मागची सगळी वर्षं उगाच वाजणारी घंटी ठरली. पुढच्याच आठवड्यात आयालाही नको म्हणून सांगण्यात आलं. कडकताईला ते आया आली नाही तेव्हा कळलं. संताप इतका आला की हातातलं भांडं फेकावंसं वाटलं. पण भांडं फेकायची ताकद आहे म्हटल्यावर घरातल्यांनी आणखी काय उचलायला दिलं असतं कोण जाणे. तिने ते मुकाट्याने घासलं.

तरी तिने जिद्द सोडली नाही. एके दुपारी सासूबाईंचा डोळा लागलेला बघून, शेजारणीला बसवून, ती कारखान्यात गेली. मास्तरांनी कापड काढलं. इस्त्री तापली, वाफेचा तो ओला, उबदार वास आला आणि तिने एक काळा कोट टेबलावर घेतला. मॅडमनी शिकवल्याप्रमाणे एक पाय लहान फळकुटावर, मग दुसरा. कॉलर वळली, खांदा बसला. कंबर कुरकुरत होती, पण कुरकुरीच्या पलीकडे गेली नाही. मग दुसरा कोट, मग तिसरा. नवीन मुली भोवती जमून बघत होत्या. मास्तर चष्मा वर करून म्हणाले, "सोमवारपासून या. आधी अर्धाच दिवस. हंगाम तोंडावर आलाय, पण तुम्ही असलात तर मला घोर नाही." ती पायी घरी आली, आणि वाटेत तिला आपण गाणं गुणगुणतोय असं आढळलं.

घरी तिने सांगितलं. नवरा जेवता जेवता थांबला. "सकाळचं आईचं कोण करणार?"

"आया परत बोलवा. वन्संना सांगा."

"कारखान्यात उभं राहता येतं, आणि घरातलं माणूस उचलता येत नाही?"

नणंद आली, बसली आणि हसत हसत म्हणाली, "वहिनी, मला एक सांग, इतकी वर्षं खरंच दुखत होतं की आम्हाला बरंच पळवलंस?" ती थट्टेच्या सुरात बोलली. तसल्या सुरात बोललं की उत्तर द्यायची सोय राहत नाही. शेवटी असं ठरलं की कडकताईने कामाला जावं, तिच्या हौसेला कुणाची ना नाही, फक्त जायच्या आधी सासूबाईंचं सगळं आटोपून जावं आणि आल्यावर पुन्हा करावं. घराने एवढी मोठी परवानगी दिली.

रविवारी सासूबाईंचं पोट बिघडलं. चादरी किती बदलल्या आणि त्या जड देहाला किती वेळा वळवलं, याला गणती नाही. सोमवारी सकाळी कडकताई उठायला गेली आणि कंबर लाकडासारखी झाली होती. तिला माहीत होतं की आत काही तुटलेलं नाही. मॅडमनी या दिवसाबद्दलही सांगून ठेवलं होतं: श्वास घ्या, थोडं थोडं हला, दोन दिवसांत उतरेल. ती घाबरली नव्हती. तिला फक्त दोन दिवस हवे होते.

"आजचा दिवस तुम्ही आईंचं बघा," ती नवऱ्याला म्हणाली. "मला उठवत नाहीये."

"काल तर चांगली होतीस," तो म्हणाला. त्याने खुंटीकडे पाहिलं आणि भांग पाडायला आरशापुढे गेला. "कामावर जायचं जिवावर आलं असेल. मीच सांगत होतो."

कडकताई भिंतीला धरून उठली. दारापर्यंत गेली. खुंटीवरचा पट्टा काढला आणि कमरेला बांधला. चिकटपट्टीचा फर्रकन आवाज झाला तसा नवरा आरशातून वळला. त्याच्या हातातला कंगवा खाली आला. "अगं, मग आधी नाही का सांगायचं? बस, बस तू." त्याने स्वतः चहा केला. गोदामात उशिरा येतो म्हणून कळवलं. नणंदेला फोन केला, आणि ती गुडघे विसरून अर्ध्या तासात हजर झाली. आया दुसऱ्या दिवशी परत आली. कडकताई खाटेवर बसून हे सगळं बघत होती.

कळ दोन दिवसांत उतरली, मॅडम म्हणाल्या होत्या तशीच. पट्टा काही उतरला नाही. कारखान्यात मास्तरांना नवऱ्याने परस्पर निरोप दिला. "पट्टा बांधलेल्या बायकोला कामाला धाडतो, लोक मला काय म्हणतील?" असं तो म्हणे, आणि त्यात खोटंही काही नव्हतं. लोकांचीही खुंटी तीच होती.

व्यायाम ती करी, पण आतून कडी लावून, सासूबाईंच्या खोलीत. सासूबाई झोपलेल्या असत, निदान तिला तसं वाटे. पट्टा काढून ती खाटेच्या पायथ्याशी वाके, पुस्तकांची भरलेली पिशवी उचले, खाली ठेवे, पुन्हा उचले. एका दुपारी पाठीमागून आवाज आला, "चांगली वाकतेस की."

कडकताई जागच्या जागी थिजली. सासूबाई उघड्या डोळ्यांनी तिच्याकडे बघत होत्या. किती दिवसांपासून बघत होत्या देव जाणे. आता ही हाक मारणार, घर गोळा होणार, असं तिला वाटलं. पण सासूबाईंनी आवाज खाली आणला.

"मी नाही सांगायची कुणाला. पट्टा सुटला की माझी लेक यायची बंद होते. मागे किती दिवस तोंड दाखवलं नव्हतं तिने. मी इथे पडून दाराकडे डोळे लावून असायचे." त्या थोडा वेळ धापा टाकत राहिल्या. "बांध आता. तिची यायची वेळ झाली."

कडकताईला त्या म्हातारीचा राग आला आणि दयाही आली, आणि दोन्हींचा काही उपयोग नव्हता. तिने पट्टा बांधला.

तळघरात जायचं तर नवरा आता सोबत येई. आजारी बाईला एकटं कसं पाठवायचं? मॅडमनी पट्टा पाहिला आणि त्यांचा चेहरा पडला. त्यांनी नवऱ्याला बाहेर बसवलं. दार ओढून घेतल्यावर कडकताईने पट्टा काढला, कोपऱ्यातली वजनाची पेटी सरळ उचलून टेबलावर ठेवली आणि परत खाली ठेवली. मॅडमच्या डोळ्यांत आनंद चमकला. मग पट्ट्याकडे लक्ष गेलं. "मग हा कशाला?"

कडकताईने सगळं सांगितलं.

"मी त्यांना आत बोलावते. पुन्हा एकदा नीट समजावून..."

"नको मॅडम," कडकताई म्हणाली. "मागे तुम्ही समजावलंत, तेव्हा आया गेली."

मॅडम लाल झाल्या. एवढ्या वर्षांच्या शिक्षणात त्यांना पाठ, मान, गुडघा, खांदा सगळं शिकवलं होतं. त्यांनी हातातला रबरी पट्टा परत खिळ्याला अडकवला. मग म्हणाल्या, "व्यायाम सोडू नका, एवढंच सांगते." कडकताई हो म्हणाली. तिने पट्टा बांधला, चेहरा दुखरा केला आणि बाहेर आली. नवऱ्याने हाताला धरून तिला जिना चढवला.

हंगाम सुरू झाला तशी मास्तरांचीच पावलं एके संध्याकाळी दारात वाजली. निरोपावर विश्वास ठेवणारा तो माणूस नव्हता. घरात सगळेच होते. नणंद सासूबाईंच्या उशाशी, नवरा खुर्चीत. मास्तर उंबऱ्यातच उभे राहिले. "कडकताई, गणवेशांचे ढीग लागलेत. उद्यापासून टेबलावर कुणाला तरी उभं करावंच लागेल. येताय का? तुमच्या तोंडून ऐकायला आलोय."

"बघताय ना मास्तर तिची अवस्था?" नवरा कळवळून म्हणाला. त्याचा कळवळा खरा होता, हेच सगळ्यात वाईट.

कडकताई उठून उभी राहिली. तिची पाठ तयार होती. उद्या सकाळी ती टेबलाशी उभी राहू शकली असती, हे तिला जितकं पक्कं माहीत होतं तितकं दुसरं काहीच माहीत नव्हतं. हात आपोआप पट्ट्याच्या चिकटपट्टीवर गेला. फक्त ओढायचं होतं. आणि ओढल्यावर काय होईल तेही तिला दिसत होतं. नणंद हसत हसत म्हणेल, 'बघ, मी म्हणत नव्हते?' आया जाईल. पहाटे सासूबाई, मग टेबल, मग रात्री पुन्हा सासूबाई, आणि महिन्याभरात कंबर पुन्हा लाकूड होईल. त्या वेळी बांधलेल्या पट्ट्यावरही कुणी विश्वास ठेवणार नाही. वर मागची सगळी वर्षं, खुर्ची ओढून चमचे उचलण्याची, उशीत तोंड दाबून रडण्याची, तीही नाटकात जमा होतील.

नणंद बघत होती. नवरा बघत होता. आतून सासूबाई टक लावून बघत होत्या.

"नाही जमायचं, मास्तर," कडकताई म्हणाली.

मास्तरांनी तिच्या कमरेकडे पाहिलं आणि मान हलवली. "पट्टा बघूनच समजायला हवं होतं मला. काळजी घ्या, ताई." कडक हा शब्द त्यांनी गाळला. ते पायऱ्या उतरून गेले. नवरा त्यांना गल्लीच्या तोंडापर्यंत सोडायला गेला आणि नणंद चहाची भांडी घेऊन आत ओट्याकडे वळली.

कडकताई सासूबाईंच्या खाटेपाशी येऊन चादरीची घडी सरळ करू लागली. हाताने दाबून दाबून, कडा जुळवून, कारखान्यात करायची तशी. सासूबाईंनी तिचं मनगट धरलं, जवळ ओढलं आणि ओट्याकडे आवाज जाणार नाही अशा बेताने म्हणाल्या,

"तो पट्टा सैल झालाय. घट्ट बांध."